ओशन ग्रोव्ह : प्रार्थनेसाठी वसवलेले समुद्रकाठचे गाव

शुक्रवार

न्यू जर्सीच्या अटलांटिक किनाऱ्यावर उन्हाळी सुटीच्या गावांची लांबच लांब ओळ आहे आणि एडिसन परिसरातली मराठी कुटुंबे जून ते ऑगस्टच्या दरम्यान एखाद्या शनिवार-रविवारी त्यांपैकी कुठल्या ना कुठल्या गावी जातातच. ओशन ग्रोव्ह हे त्याच ओळीतले एक गाव आहे. मात्र इथे दारूचे एकही दुकान नाही, घर विकत घेतले तरी घराखालची जमीन घरमालकाची होत नाही आणि गावाच्या मध्यभागी बाजारचौक किंवा नगरपालिका नसून हजारो माणसे मावतील असे एक प्रचंड लाकडी प्रार्थनागृह आहे. या तिन्ही गोष्टींचे मूळ १८६९ सालच्या एका संध्याकाळच्या प्रार्थनेत आहे. ते सारे जागेवर जाऊन पाहावे, या इच्छेने मी भाचीला बरोबर घेतले आणि सकाळच्या गाडीने निघाले.

एडिसनहून तिकडे थेट गाडी नाही. आपली गाडी राहवेला सोडून नॉर्थ जर्सी कोस्ट लाइनची गाडी धरावी लागते आणि बहुतेक वेळा लाँग ब्रांचला ती पुन्हा बदलावी लागते, कारण विजेवर चालणाऱ्या गाड्यांची हद्द तिथे संपते व पुढे डिझेल इंजिनाची गाडी जाते. उतरायचे अ‍ॅस्बरी पार्कला. लोहमार्ग या भागात १८७५ मध्ये आला आणि तेव्हापासून न्यूयॉर्क व फिलाडेल्फियाचा मध्यमवर्ग एका दिवसात समुद्र पाहून परतू लागला. त्याआधी इथे येणे म्हणजे घोडागाडीने रेती तुडवत येणे होते.

स्थानकापासून दक्षिणेकडे थोडे चालले की मेन अ‍ॅव्हेन्यूच्या तोंडाशी विटांचे खांब लागतात. ही ओशन ग्रोव्हची वेस. शंभराहून अधिक वर्षे शनिवारी मध्यरात्री या वेशीवर साखळी लावली जात असे आणि रविवारची मध्यरात्र उलटेपर्यंत आत कुठलेही वाहन जात नसे. आधी घोडागाड्यांना बंदी होती, पुढे मोटारींना. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची बहीण इथे उन्हाळ्यात राहत असे आणि एका रविवारी ग्रँट यांनीही घोडा वेशीबाहेर बांधून पायीच प्रवेश केला, असे गावात सांगतात. आज साखळी नाही. पण वेशीच्या आत पाऊल टाकल्यावर रस्त्यांची रुंदी, घरांची उंची आणि आवाजाची पातळी एकदम बदलते, हे मी आणि भाची दोघींनाही जाणवले.

रस्त्यांच्या पाट्या वाचत गेले तरी गावाचा वंश कळतो. पिल्ग्रिम पाथवे म्हणजे यात्रेकरूंची वाट; माउंट झायन वे, माउंट कार्मेल वे ही नावे बायबलच्या भूगोलातली आहेत. एम्बरी अ‍ॅव्हेन्यू आणि हेक अ‍ॅव्हेन्यू हे रस्ते फिलिप एम्बरी आणि बार्बरा हेक यांच्या स्मरणार्थ आहेत, ज्यांनी १७६६ मध्ये न्यूयॉर्क शहरात मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाची पहिली उपासना मंडळी जमवली. उत्तरेकडच्या तळ्याला पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचे नाव आहे. हा पंथ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आला. चर्चच्या भिंतीबाहेर, खाणकामगारांत आणि शेतकऱ्यांत जाऊन उपदेश करणे ही त्याची रीत होती, आणि अमेरिकेत त्याच रीतीला रानात तंबू ठोकून आठ-आठ दिवस चालणाऱ्या धर्ममेळ्यांचे, म्हणजे कँप मीटिंगांचे, रूप आले. केंटकीतल्या केन रिज इथला १८०१ सालचा मेळा त्यांत सर्वांत गाजलेला.

आम्ही उतरलो ते पाहुणेघर लाकडी, तीन मजली आणि अरुंद होते. पुढे दोन मजल्यांना कोरीव कठड्याचे व्हरांडे. शेजारच्या घराची भिंत हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. याचे कारण असे की इथले मूळ भूखंडच ३० फूट बाय ६० फुटांचे आखले गेले. ते तंबूंसाठी आखलेले होते. घरे नंतर आली आणि तंबूच्या मापात उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातल्या अशा घरांचा इतका मोठा, जवळजवळ अखंड समूह अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी उरला आहे, आणि १९७६ मध्ये सारे गावच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत दाखल झाले.

संध्याकाळी तंबू पाहायला गेलो. प्रार्थनागृहाभोवती आजही ११४ तंबू उभे राहतात. एके काळी त्यांची संख्या सहाशेच्या घरात होती. मला पंढरीच्या वाटेवरच्या राहुट्यांची आठवण झाली, पण जवळ गेल्यावर रचना निराळी दिसली. प्रत्येक तंबूच्या मागच्या अंगाला लाकडी खोली आहे, तीत स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर. पुढचा भाग तेवढा जाड कॅनव्हासचा, लाकडी जोत्यावर ताणलेला, आणि त्याच्याही पुढे पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे छत घातलेली ओसरी. सप्टेंबरच्या मध्याला कॅनव्हास उतरवून, सामानसुमान मागच्या खोलीत कोंबून कुलूप लावतात आणि मेमध्ये पुन्हा उभारतात. एका ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसलेल्या वृद्ध बाईंनी आम्हाला पायरीजवळ बोलावले आणि कापडाचा काठ उचलून आतले खांब, दोऱ्या अडकवण्याच्या खुंट्या आणि दिवाणाखाली रचलेल्या पेट्या दाखवल्या. त्यांची आजी याच तंबूत उन्हाळा काढत असे. तंबू भाड्याने मिळतो, पण नव्या कुटुंबाला कित्येक वर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागते. "मावशी, दोन तंबूंच्या मध्ये भिंतच नाही, हे लोक भांडतात तरी कसे?" असे भाचीने मला मराठीत विचारले, मी तो प्रश्न बाईंना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या की हळू आवाजात भांडायला इथेच शिकतो.

शनिवार

सकाळी प्रथम बिअरशेबाची विहीर पाहिली. लहानशा नक्षीदार छत्रीखाली हा जुना हातपंप आहे. १८७० मध्ये खोदलेली ही वसाहतीची पहिली विहीर. समुद्राला लागून गोडे पाणी मिळाले, तेव्हा कुठे इथे माणसे टिकणार हे नक्की झाले. म्हणून बायबलमधल्या अब्राहामाच्या विहिरीचे नाव तिला दिले गेले.

स्थापनेची हकिकत अशी आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कँप मीटिंगांना नवा जोर आला. १८६७ मध्ये न्यू जर्सीतल्याच व्हाइनलंडला मोठा मेळा भरला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी रेव्हरंड विल्यम ऑस्बर्न यांच्या मनात समुद्रकाठच्या कायम जागेची कल्पना घोळत होती. त्यांनी किनारा पिंजून काढला. दक्षिणेकडची एक जागा डासांमुळे सोडून द्यावी लागली, आणि इथे उंच रेती, दाट झाडी, दोन बाजूंना दोन तळी आणि डासांचा अभाव अशा साऱ्या गोष्टी जुळल्या. १८६९ च्या उन्हाळ्यात काही कुटुंबांनी तंबू ठोकले. ३१ जुलैच्या संध्याकाळी वीस-बावीस माणसे एका तंबूत मेणबत्तीच्या उजेडात जमली आणि रेव्हरंड एलवुड स्टोक्स यांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले शब्द वाचले. त्याच वर्षाअखेर तेरा पाद्री आणि तेरा गृहस्थ यांनी मिळून ओशन ग्रोव्ह कँप मीटिंग असोसिएशन स्थापन केली, आणि १८७० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तिला सनद दिली. सनदेने या संस्थेला जमीन बाळगण्याबरोबरच नियम करण्याचे, ते पोलिसांकरवी पाळून घेण्याचे असे अधिकार दिले, जे एरवी नगरपालिकेचे असतात. स्टोक्स संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. प्रार्थनागृहासमोर त्यांचा पुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

समुद्राला हवापालटाचे ठिकाण मानण्याची चाल तेव्हा नवी होती आणि सुटी घेणे हेच अनेक धार्मिक माणसांना चैनीचे, म्हणून संशयास्पद वाटे. संस्थापकांनी विश्रांतीलाच धर्माच्या कक्षेत आणले. शहरात वर्षभर खपलेल्या माणसाने शरीराला आराम द्यावा, समुद्रस्नान करावे आणि त्याच ठिकाणी मनाचीही मशागत करावी, ही त्यांची योजना होती. हे गाव पुढे 'बिघडून' सुटीचे गाव झाले, असे सांगण्याची एक पद्धत आहे; ती मला पटत नाही. पहिल्या दिवसापासून ते दोन्ही होते, आणि रस्त्यांची आखणी त्याची साक्ष देते. समुद्राकडच्या पहिल्या दोन चौकांत घरे रस्त्यापासून सारख्या अंतरावर नाहीत; समुद्र जसजसा जवळ येतो तसतशी ती अधिक मागे सरकवलेली आहेत, त्यामुळे रस्ता पुढे उमलत जातो आणि मागच्या घराच्या व्हरांड्यातूनही पाणी दिसते, वारा लागतो. कुणाही एकाने समुद्र अडवू नये हा नियम इथे भिंतींच्या रेषेतच बांधून टाकला आहे. आम्ही ओशन पाथवेवर चौथ्या-पाचव्या घराच्या पायरीशी थांबून खात्री केली; खरोखरच निळी पट्टी दिसत होती.

दुपारी प्रार्थनागृह आतून पाहिले. आधीच्या मंडपांत माणसे मावेनात म्हणून १८९४ मध्ये हे ग्रेट ऑडिटोरियम उभारले गेले. फ्रेड कँप या न्यूयॉर्कच्या वास्तुविशारदाचा आराखडा, सुमारे ७०,००० डॉलरचा खर्च, आणि काम तीन महिन्यांच्या आसपास पुरे झाले. लांबी २२५ फूट, रुंदी १६१ फूट. दगडी पायांवर पुलाला घालतात तशा लोखंडी कैच्या टाकून छत पेलले आहे आणि बाकी सारे लाकूड. सुरुवातीला जवळजवळ दहा हजार माणसे बसत. आता रुंद आसने घातल्यामुळे सहा हजारांहून थोडी अधिक बसतात. बाजूच्या भिंतींना गोदामाला असतात तसे सरकते दरवाजे आहेत. ते ढकलले की भिंतच नाहीशी होते आणि समुद्राचा वारा आरपार जातो. ध्वनिवर्धकाच्या आधीच्या काळात व्यासपीठावरचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवण्याचे काम वरच्या लाकडी छताने केले. भाची व्यासपीठाजवळ उभी राहून साध्या आवाजात बोलली आणि मी मागच्या रांगेत शब्द न् शब्द ऐकला. वाद्यवृंदाच्या जागी रॉबर्ट होप-जोन्स यांनी १९०८ मध्ये बसवलेला भव्य पाइप ऑर्गन आहे. पुढच्या काळात त्यात भर पडत गेली.

या गावातून अनेक राष्ट्राध्यक्ष बोलून गेले. ग्रँट यांचे १८८४ च्या ऑगस्टमधले बोलणे मात्र विशेष करुण आहे. मुलाच्या भागीदारीची पेढी त्याच वर्षी बुडून ते कफल्लक झाले होते, पायाच्या दुखापतीमुळे कुबड्या घेऊन आले आणि जमलेल्या जुन्या सैनिकांचे स्वागत पाहून थोडेसे बोलल्यावर त्यांना अश्रू आवरेनात. वर्षभराच्या आत त्यांचे निधन झाले.

इथे एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. विल्यम टेलर हे मेथॉडिस्ट प्रचारक १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले आणि मराठी जाणणारे जुने अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना जाऊन मिळाले. ओशन ग्रोव्ह वसवणारे ऑस्बर्नही पुढे त्याच दशकात मिशनरी म्हणून भारतात आले. याच पंथाच्या कँप मीटिंगा नंतर लोणावळ्याला भरू लागल्या, आणि १८९० च्या दशकात पंडिता रमाबाई आपल्याकडच्या मुलींना घेऊन लोणावळ्याच्या त्या मेळ्याला गेल्या होत्या. न्यू जर्सीच्या रेतीत आणि सह्याद्रीच्या माथ्यावर एकाच पद्धतीची पहाटेची प्रार्थना होत होती, हे कळल्यापासून मला हे गाव परके वाटेनासे झाले आहे.

संध्याकाळी वेस्ली तळ्यावरच्या पादचारी पुलावरून अ‍ॅस्बरी पार्कला गेलो. जेम्स ब्रॅडली हा न्यूयॉर्कचा ब्रशांचा कारखानदार ओशन ग्रोव्हच्या पहिल्या भूखंडधारकांपैकी एक. शेजारची जमीन कुणा भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून १८७१ मध्ये त्याने तळ्यापलीकडची सुमारे ५०० एकर जागा घेतली आणि मेथॉडिस्ट बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांचे नाव देऊन नवे गाव आखले. तेही श्रद्धाळू माणसाचेच गाव, पण तिथे जमीन ओशन ग्रोव्हसारखी संस्थेकडे न राहता विकली गेली. हॉटेले, करमणुकीची सभागृहे, पाळणे आले. याच ब्रॅडलीने काळ्या लोकांना किनाऱ्यावर येण्यासाठी वेळा ठरवून दिल्या होत्या, आणि हॉटेलांतली कष्टाची कामे करणारी काळी वस्ती लोहमार्गाच्या पश्चिमेला ढकलली गेली. जुलै १९७० मध्ये तिथे उद्रेक झाला व शहराचा कणा मोडला. सावरायला तीन दशके लागली. पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे इतकी वेगळी दोन दैवे का, याचे उत्तर मला जमिनीच्या मालकीत बरेचसे सापडते.

रविवार

दहाच्या सुमारास प्रार्थनागृहाचे दरवाजे सरकवले गेले आणि लोक चारही बाजूंनी येऊ लागले. तंबूंतली माणसे चार पावलांत पोचत होती. आम्ही मागे बसलो. व्यासपीठाच्या दोन अंगांना पावित्र्याची आठवण देणारी दिव्यांची अक्षरे उजळली, ऑर्गन सुरू झाला आणि हजारो कंठांनी एकत्र गायलेले स्तोत्र त्या लाकडी छताखाली जसे भरून आले, ते शब्दांत पकडण्याची माझी ताकद नाही. मी ख्रिस्ती नाही. तरीही उभी राहिले, कारण सगळे गाव उभे होते.

बाहेर पडून किनाऱ्यावर गेलो तर तिथेही माणसे होती. हे नवे आहे. दीर्घकाळ इथे रविवारी समुद्रस्नान वर्ज्य होते आणि अलीकडेपर्यंत हंगामात रविवारी दुपारी बारापर्यंत किनारा बंद असे. राज्याच्या पर्यावरण विभागाने २०२३ मध्ये त्याला हरकत घेतली व मोठ्या दंडाची तंबी दिली. २०२४ च्या उन्हाळ्यात संस्थेने विरोध नोंदवूनच सकाळचा किनारा खुला केला.

धर्मसंस्थेने गाव चालवावे का, हा प्रश्न त्याआधीही वारंवार न्यायालयात गेला आहे. १९२० मध्ये विधिमंडळाने ओशन ग्रोव्हला स्वतंत्र बरोचा, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या गावाचा, दर्जा दिला, पण न्यायालयाने पुढच्याच वर्षी तो घटनाबाह्य ठरवला आणि गाव पुन्हा नेपच्यून टाउनशिप या भोवतालच्या स्थानिक शासनाच्या हद्दीत आले. १९७७ मध्ये रविवारी वृत्तपत्रांची गाडी आत येऊ द्यावी की नाही, यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. निर्णायक घाव बसला तो १९७९ च्या खटल्यात. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल इथल्या न्यायालयाने शिक्षा केलेल्या माणसाने त्या न्यायालयाच्याच वैधतेला आव्हान दिले, आणि धर्मसंस्थेच्या हाती पोलीस व न्यायदानाची सत्ता देणारी सनद धर्म आणि शासन वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाविरुद्ध जाते, असा निकाल लागला. सत्ता टाउनशिपकडे गेली, वेशीवरची साखळी गेली. जमीन मात्र संस्थेकडेच राहिली. पुढे २००७ मध्ये किनाऱ्यावरच्या उघड्या मंडपात एका समलिंगी जोडप्याला विवाहसदृश सोहळा करू देण्यास संस्थेने नकार दिला. तो मंडप सर्वांना खुला ठेवण्याच्या अटीवर करमाफी घेतलेली असल्याने २०१२ मध्ये निर्णय संस्थेच्या विरोधात गेला. मला तो योग्य वाटतो. सार्वजनिक म्हणून सवलत घेतली की दारही सर्वांसाठी उघडे हवे; त्याच वेळी प्रार्थनागृहाच्या आत काय व्हावे हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार कुणी हिरावलेला नाही.

सोमवार

सकाळी बोर्डवॉकवरून दक्षिणेकडे फ्लेचर तळ्यापर्यंत चालत गेलो. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळाने हा लाकडी मार्ग उखडला, धक्का तोडला आणि प्रार्थनागृहाच्या छताचाही एक भाग उडवला. नवा धक्का २०२३ मध्ये खुला झाला. तो वरून पाहिला तर क्रुसाच्या आकाराचा आहे आणि त्यावरूनही गावात मतभेद आहेत.

वाटेत एका जुन्या घराच्या पायऱ्या घासून रंगवणाऱ्या गृहस्थांशी बोलणे झाले. १९७० च्या दशकात इथली बरीच पाहुणेघरे ओस पडली होती आणि मनोरुग्णालयांतून बाहेर काढलेल्या रुग्णांना त्यांत स्वस्तात ठेवले जाई. १९९० नंतर न्यूयॉर्ककडून आलेल्या लोकांनी, त्यांत समलिंगी जोडपी पुष्कळ, ही मोडकळीला आलेली घरे घेऊन त्यांचे कोरीव कठडे, कौलांसारख्या लाकडी चकत्या, रंगसंगती पुन्हा मूळपदावर आणली. आज संस्थेशी ज्यांचे पटत नाही तेच तिच्या वारशाचे सर्वांत जागरूक राखणदार आहेत. या गृहस्थांकडेही जमीन नव्याण्णव वर्षांच्या, पुनःपुन्हा नूतनीकरण होणाऱ्या भाडेपट्ट्यानेच आहे. जमीन विकता आली असती तर समुद्राकाठच्या पहिल्या दोन चौकांत आज उंच इमारती असत्या, असे ते म्हणाले आणि मलाही तसेच वाटते. संस्थेच्या जमिनीवरच्या ज्या पकडीवर सगळे भांडतात तिनेच गाव राखले आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जावे, एरवी तंबूंच्या जागी नुसती जोती आणि कुलूपबंद खोल्या दिसतात. हंगामात किनाऱ्यावर उतरण्यासाठी बिल्ला विकत घ्यावा लागतो. मोटार उभी करायला जागा मिळणे कठीण, म्हणून रेल्वेच बरी. १८७४ मध्ये बांधलेले सेंटेनियल कॉटेज हे छोटे घर-संग्रहालय उघडे असेल तर अवश्य पाहावे, आणि मुक्काम करणार असाल तर रविवार धरून करावा. आम्ही परतताना फ्लेचर तळ्यापलीकडच्या ब्रॅडली बीच स्थानकावरून दुपारची गाडी घेतली.